पंपावरची पाटी आणि बाईंचं मोजपात्र

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." माझं काम इंजिनांचं. अमेरिकेत मिशिगन राज्यात मी आठवडाभर नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी एका छोट्या गॅरेजात हौशी शर्यतवाल्यांच्या टर्बो गाड्या ट्यून करून देतो. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "इथेनॉल घालू की रेस गॅस?" तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात, तेव्हा रेस गॅस म्हणजे शर्यतीचं पेट्रोल. स्वयंपाकघरातलं सिलिंडर डोळ्यांसमोर आणू नका!

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारं चक्र. ते आत जादा हवा कोंबतं. जादा हवा, जादा इंधन, जादा ताकद. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक कसं गरम व्हायचं, आठवतं ना? सिलिंडरमध्ये उष्णता आणि दाब फार वाढला की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. आतून हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात, आणि टर्बो गाडीत ते पिस्टन फोडू शकतं. या आपोआप पेटण्याला इंधन किती दाद देत नाही, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन.

रेस गॅसचं ऑक्टेन शंभरच्या आसपास, काहींचं ११० च्याही वर. ते बंद डब्यांत किंवा पिंपांत येतं, फार महाग पडतं, पण एका प्रकारचा आजचा डबा आणि सहा महिन्यांनंतरचा डबा यांत फरक नसतो. त्यातल्या काही प्रकारांत अजून शिसं असतं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे २००० पासून बंद आहे. शिसं माणसाला विषारी आहेच, शिवाय गाडीचा ऑक्सिजन सेन्सर आणि धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही ते निकामी करतं.

दुसरं इंधन ई-८५, म्हणजे मुख्यतः इथेनॉल आणि उरलेलं पेट्रोल. आपल्याकडे उसाचंही, तिकडे मक्याचं. मक्याच्या पट्ट्यात ते पुष्कळ पंपांवर आणि स्वस्तात मिळतं. याला कमी लेखू नका. इंडीकारच्या शर्यतीत २००७ पासून इथेनॉल आहे आणि २०१२ पासून तिथली इंजिनं टर्बो आहेत. ऑक्टेन चांगलं, शिवाय दुसरा गुण गारव्याचा. इंजेक्शनआधी नर्स दंडाला स्पिरिटचा बोळा लावते तेव्हा गार वाटतं, कारण स्पिरिट उडताना उष्णता घेतं. इथेनॉल सिलिंडरमध्ये तेच करतं, पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. मात्र ते लागतंही जास्त. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो ई-८५ ला सुमारे १०. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनानं इंधन जवळजवळ दीडपट, म्हणून इंजेक्टर आणि इंधनाचा पंप मोठा हवा.

खरी मेख पाटीत आहे. पाटीवर ८५ असलं तरी नियमानुसार इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांच्या मध्ये कितीही चालतं. थंडीत इथेनॉलवर इंजिन लवकर सुरू होत नाही, म्हणून हिवाळ्यात पेट्रोल वाढवतात.

हे मला माहीत होतं. तरीही चुकलो. एका तरुणानं दोन वर्षं जादा पाळ्या करून इंजिन बांधलं होतं. सप्टेंबरमध्ये मी ते ई-८५ वर ट्यून करून दिलं. एप्रिलमध्ये पहिल्याच शर्यतीत पिस्टनचा रिंगजवळचा काठ तुटला. मी फटकन म्हणालो, "पंपाचं इंधन खराब असणार." मग त्याच्या टाकीतलं इंधन मोजलं. इथेनॉल फक्त ५५ टक्के. पंपाच्या टाकीत हिवाळ्याचा साठा उरला होता. पंपानं नियम मोडला नव्हता. मी मात्र ८० टक्के धरून ठिणगीची वेळ लावली होती, सेन्सर बसवला नव्हता आणि त्याला मोजायलाही सांगितलं नव्हतं. दोष माझा होता. तसं त्याला सांगायला मला दोन दिवस लागले. पुढचे सहा रविवार मी ते इंजिन फुकट बांधून दिलं.

त्या सहा रविवारी मला बाई आठवत होत्या. नववीत "१०० मि.ली." लिहिलेल्या बाटलीतलं पाणी मोजायचं होतं. मी न मोजता वहीत १०० लिहिलं. निघालं ९२. बाई म्हणाल्या, "बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंस. बाटलीत काय आहे ते पाहिलंस का?"

आता माझ्या गॅरेजात काचेचं मोजपात्र असतं. ५० मि.ली. पाणी, त्यावर ५० मि.ली. इंधन, बूच लावून हलवायचं आणि थांबायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. खालची रेषा ५० वरून ९० वर गेली, तर ५० पैकी ४० म्हणजे साधारण ८० टक्के.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगतो: जवळ पंप आहे, मोठे इंजेक्टर आणि सेन्सर बसवायची तयारी आहे, तर इथेनॉल. वर्षातून चारच शर्यती आहेत, मोजायचा कंटाळा आहे, तर महाग पडलं तरी रेस गॅस, आणि सेन्सर वाचवायचे असतील तर बिनशिशाचं. महाग डब्यात तुम्ही ऑक्टेनइतकेच पैसे खात्रीचे मोजता. स्वस्त इंधनात ती खात्री स्वतः करावी लागते.

बाई, आपल्या तुकडीनं प्रयोगशाळेला जी देणगी दिली, त्यातली मोजपात्रं माझ्याकडून आहेत. मुलांच्या हातून फुटली तर रागावू नका. पण न मोजता कुणी आकडा लिहिला, तर जरूर रागवा.