फिरंग आणि तिची नक्कल

पत्रिकेवरचा विषय वाचून कालच एकाने विचारलं, "रेपियरचा आणि आपल्या नगरचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो चौलमार्गे आहे. चौल हे नगरच्या निजामशाहीचं बंदर. १५२१ साली पोर्तुगीजांना तिथे किल्ला बांधायची परवानगी मिळाली आणि १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलच्या त्याच पोर्तुगीजांना वेढा घातला. दोस्ती असो की दुष्मनी, किनाऱ्यावर उतरलेली परदेशी पाती घाट चढत राहिली. अशा पात्याच्या तलवारीला आपल्या लोकांनी नाव दिलं फिरंग.

रेपियर म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातली लांब, अरुंद, भोसकायची तलवार. फिरंगेचं पातं बहुधा रुंद, वार करायचं. पण दोघींच्या पात्यांचं माहेर अनेकदा एकच, स्पेनमधलं टोलेडो किंवा जर्मनीतलं सोलिंगेन.

आता ही मूठ बघा. युरोपात पात्याचा मागचा दांडा मुठीतून आरपार नेऊन शेवटच्या गोळ्यावर ठोकून बसवतात. आपल्याकडे दांडा आखूड. मुठीच्या पोकळीत लाख वितळवून ओतायची, त्यात दांडा बसवायचा, झालं. मूठ तापवली की लाख सुटते आणि पातं मोकळं होतं. म्हणून तर सोलिंगेनचं पातं मराठी मुठीत इतक्या सहज नांदलं. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून परत आणली, तिचं पातंही युरोपीय. त्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने रघुजींचं नाव आणि 'सेनासाहेबसुभा' हा किताब कोरला आहे, आणि शेवटी शब्द आहे 'फिरंग'. परकेपण लपवलेलं नाही, मिरवलं आहे. मला ती अक्षरं फार मोलाची वाटतात.

नकलाही तेव्हापासूनच्या. सोलिंगेनचे कारागीर टोलेडोच्या नामवंतांची नावं पात्यावर ठोकत, आणि युरोपीय पात्यांवरच्या कोयत्यासारख्या खुणा आपले लोहार उठवत.

म्हणून नक्कल जमवणाऱ्याला मी कमी लेखत नाही. फक्त ती नक्कल म्हणून विकली-घेतली जावी. मला एकदा एका विक्रेत्याने 'वाड्यातली जुनी' म्हणून रेपियर दिली. घरी मूठ उकलली, तर आत वेल्डिंग केलेली आटे पाडलेली सळई आणि नट. गंज आम्लाने चढवलेला. पैशांपेक्षा त्या खोट्या गंजाचं दुःख मोठं होतं, कारण उद्या तीच तलवार कुणी खरी समजून संग्रहालयाला देईल.

या टेबलावरची रेपियर मी घडवून घेतली आहे. पातं मीटरभर, वजन किलोच्या आसपास, धार मुद्दाम लावलेली नाही. मुठीजवळ घडवल्याचं वर्ष कोरलं आहे. व्याख्यान संपलं की पुढे या, हातात घ्या. तोल कुठे लागतो ते मनगटाला आपोआप कळेल.