हादग्याची सांज आणि सडक
(केंद्र-संमेलनातील भाषण)



सूर्य हस्त नक्षत्रात गेला की आपल्याकडे हादगा सुरू होतो. पाटावर हत्ती मांडून मुली फेर धरतात, खिरापत ओळखतात आणि एका घरचा हादगा आटोपताच दुसऱ्या घराकडे धाव घेतात. हा आनंद त्यांना मिळालाच पाहिजे. परंतु आज अनेक गावांच्या मधूनच डांबरी सडक गेली आहे, आणि मुली ती नेमक्या दिवेलागणीला ओलांडतात. माझे आजचे बोलणे एवढ्यापुरतेच आहे.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला ‘हॅलोवीन’ नावाचा सण असतो. त्या सायंकाळी मुले सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात. तेथील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. आठवडाभर आधीच्या व नंतरच्या सायंकाळींच्या मानाने, सणाच्या सायंकाळी पादचारी मृत्युमुखी पडण्याचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक आढळला. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर तो सुमारे दहापट होता. देश निराळा, सण निराळा. परंतु सांजवेळ, घरोघर हिंडणे आणि खाऊची ओढ ही तीच.

यातील मर्म काय? मुलाला मोटारीचा दिवा दुरून दिसतो. म्हणून त्याला वाटते की, चालकालाही आपण दिसत आहोत. ही समजूत खोटी आहे. गडद कपडा अंधारात मिसळून जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढे अंतर सरते.

ही गोष्ट नुसती सांगून पटणार नाही, ती दाखवावी. पटांगणावर १७ मीटर मोजून दोन रेघा ओढाव्या. सायंकाळच्या पालकसभेत एका मुलास गडद व दुसऱ्यास पांढरा सदरा घालून दूर उभे करावे, आणि विजेरीच्या उजेडात आधी कोण दिसतो, ते मुलांनाच सांगू द्यावे.

आणखी एक. ‘रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला’ असे आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो, मीही शिकविले. तो नियम वाहनांचा आहे. पदपथ नसेल तेथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन पाहत चालावे. मुलांची वही तपासण्यापूर्वी ही आपली चूक आपण दुरुस्त करू या.

शेवटी एक सूचना. सडकेच्या एका बाजूच्या घरांचे हादगे एका दिवशी व दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या दिवशी ठेवावेत, असे गावातील मातांना सुचवावे. सडक ओलांडणे अटळच असेल, तर विजेरी घेतलेले एक मोठे माणूस मुलींबरोबर असावे. यास खर्च नाही. केवळ आपला शब्द हवा, आणि गावात गुरुजींच्या व बाईंच्या शब्दाला अजून मान आहे.

ओंजळीतली खिरापत घेऊन प्रत्येक मुलगी सुखरूप घरी पोहोचली, म्हणजे आपला पाठ पुरा झाला असे समजू या.