यंत्रपुरुषाचा रंग

काशीच्या बालाजी घाटाच्या उंच पायऱ्या चढून वर येणाऱ्या मराठी यात्रेकरूला आपण परमुलखात आहोत असे फारसे वाटत नाही. घाट पेशव्यांच्या काळचा. वरचा वाडा आणि त्यातील बालाजीचे देऊळ पेशव्यांचे, पुढे ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेलेले. जवळच्या ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांमुळे आपली बोलीही अधूनमधून कानी पडते. याच देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँनी बालपणापासून सनईचा रियाज केला. वडीलधाऱ्यांना या सगळ्याचे अप्रूप असते. त्यांचे बोट धरून चाललेल्या मुलाला मात्र ना पेशव्यांचे कौतुक, ना सनईचे. त्याची नजर गल्लीतल्या दुकानांत टांगलेल्या तांबड्या-पिवळ्या लाकडी खेळण्यांवर खिळलेली असते. हत्ती आहे, घोडा आहे, वाजंत्र्यांचा ताफा आहे, पोटात बाहुली आणि तिच्या पोटात आणखी बाहुली आहे. आणि अलीकडे त्यांच्याच शेजारी, पारदर्शक वेष्टणात बंद, हातपाय हलविणारा प्लॅस्टिकचा यंत्रमानवही आहे. मूल बोट दाखवते ते बहुधा यंत्रमानवाकडे!

श्रोतेहो, या यंत्रमानवाच्या बाहुलीपायी आज जगात एक मोठा छंद उभा राहिलेला आहे, आणि तो मुलांचा नव्हे, थोरांचा आहे. चांगले मिळवते गृहस्थ अशी बाहुली विकत आणतात, तिचे सांधे सोडवितात, कारखान्याने दिलेला रंग खरवडून काढतात आणि हवेच्या फवाऱ्याने तिला आपल्या मनाजोगा नवा रंग देतात. हा छंद जपान व अमेरिकेत वाढला. आता मुंबई-पुण्याच्या घरांतूनही त्याचे वेडे सापडतात. पोरकटपणा म्हणून यावर हसणे सोपे आहे. पण ज्या नगरीत ओबडधोबड लाकडाला शेवटचा रंग दिल्याशिवाय देव म्हणत नाहीत, तिथे तरी हसण्यापूर्वी थोडा विचार करावयास हवा.

यंत्रमानवाला जगभर रूढ झालेले ‘रोबो’ हे नाव कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आले. हा शब्द मात्र त्याला सुचविला त्याच्या भावाने, योसेफने. आणि योसेफ होता चित्रकार. वेठबिगार या अर्थाच्या शब्दावरून त्याने तो घेतला. म्हणजे या पोलादी माणसाचे बारसे झाले तेच एका रंगाऱ्याच्या तोंडून. नाव नवे असले तरी कल्पना आपल्याकडे जुनी आहे. धारच्या भोजराजाच्या नावे असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर एक सबंध अध्याय आहे, आणि लाकडाचे अवयव निरनिराळे घडवून, खिळींनी जोडून, वर चामडे चढवून माणसाची चालती आकृती करण्याची वर्णने त्यात येतात. याहून नवलाची कथा ‘लोकपञ्ञत्ति’ या ब्रह्मदेशातील पाली ग्रंथात आहे. अजातशत्रूने बुद्धाच्या अस्थी भूमीत पुरल्या आणि त्यांच्या रक्षणार्थ खड्गधारी यंत्रपुरुष फिरते ठेवले. ही विद्या रोमदेशीच्या यंत्रकारांची. ती बाहेर नेणाऱ्याचा त्यांचीच यंत्रे पाठलाग करून शिरच्छेद करीत. एका तरुणाने म्हणून ती लिहून घेतली आणि आपल्या मांडीत शिवून ठेवली. तो मारला गेला, पण मुलाने प्रेताबरोबर विद्या पाटलिपुत्री आणली! पुढे अशोकाला या यंत्रपुरुषांना आवरावे लागले, अशी ही हकीगत. काशीहून गंगेच्या धारेबरोबर खाली गेले की हेच पाटलिपुत्र लागते. कथा ती कथाच. परंतु गंगेच्या काठाला यंत्रमानव पाहुणा म्हणून आला तो काही परवाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणातून नव्हे, एवढे त्यावरून म्हणावयास हरकत नाही.

आता रंगाकडे वळू. जपानात १९७९ साली ‘गुंडम’ नावाची यंत्रमानवांची चित्रमालिका दूरदर्शन संचांवर आली, आणि १९८० च्या जुलैत बांदाई कंपनीने त्यातील नायक-यंत्राचे जुळवावयाचे सुटे भाग तीनशे येनला विकावयास काढले. मूळ आकाराच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्श्याची ती छोटीशी प्रतिमा पांढऱ्या प्लॅस्टिकात ओतलेली होती. चित्रात दिसे तसे निळे, तांबडे, पिवळे यंत्र हवे असेल तर घेणाऱ्याने ते स्वतः रंगवावयाचे. वस्तू अपुरी म्हणून कोणी तक्रार केल्याचे दिसत नाही; उलट त्या अपुरेपणातच छंदाचे बीज रुजले. पुढे १९८४ साली अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही रूप पालटणारी यंत्रे आली. त्यांतली तीन विमाने एकाच साच्यातून निघालेली. पण एक करडे-तांबडे, दुसरे निळे, तिसरे काळे-जांभळे; आणि एवढ्यावरून त्यांना तीन नावे, तीन स्वभाव मिळाले. मुलांनी ते बिनतक्रार मान्य केले.

मान्य का करू नये? काशीत चौघे भाऊ एकाच घडणीच्या लाकडातून निघतात. राम आणि भरत सावळे, लक्ष्मण आणि शत्रुघ्न गोरे. रंगाऱ्याने कुंचला उचलेपर्यंत कोण कुठला हे कातणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. एकशे वीस गोल पाने, दहा अवतारांची दर अवताराला बारा. आणि पानाची जात डोळ्यांत भरते ती त्याच्या पार्श्वभूमीच्या रंगाने. रंग ही वस्तूवरची सजावट आहे हे शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचे मत झाले. खेळण्यांच्या जगात रंग म्हणजे वस्तूचे नाव होय.

छंदी माणसाची रीत पाहिली तर तीत पोरखेळ फार थोडा आढळतो. बाहुली प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुतात, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या तेलाचा अंश राहिला तर वर रंग धरत नाही. नंतर करड्या रंगाचे अस्तर. फवाऱ्याची लेखणी बोटांत मावणारी असते. आयोवातील अ‍ॅब्नर पीलर या अमेरिकनाने १८७९ च्या सुमारास केलेल्या साधनापासून तिची परंपरा सांगतात. आरंभी ती छायाचित्रांवर हात फिरविण्याच्या कामी येई. तिच्या अग्राशी एक बारीक सुई असते. वेगाने जाणारी हवा तिथला दाब कमी करते, त्यामुळे रंग आपोआप ओढला जातो आणि धुक्यासारखा उडतो. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. ही दुहेरी करामत बोटाला शिकविण्यात महिने जातात. रंग दुधाइतका पातळ लागतो. दाट झाला तर नळी चोंदते, फार पातळ झाला तर ओघळ येतात. एक जाड थर देण्याचा मोह आवरून पाच पातळ थर द्यावयाचे, दोन रंगांची सीमा चिकटपट्टीने झाकावयाची, खाचांत काळपट रंग मुरवून वरचा पुसून घ्यावयाचा आणि कडांवर कोरड्या कुंचल्याने झिजल्याचा आभास आणावयाचा. नव्या कोऱ्या यंत्राला जाणूनबुजून जुनेपण देण्याची ही हौस मोठी गमतीची आहे! सर्वांत कठीण काम सांध्याचे. गुडघा वाकला की रंगाला रंग घासतो आणि टवके उडतात. म्हणून जाणता माणूस रंगापूर्वी सांध्याची आतली बाजू थराच्या जाडीइतकी घासून ठेवतो. बाहुली कपाटात नुसती उभी करावयाची असेल तर याची गरज नाही. हातात घेऊन खेळावयाची असेल तरच आहे. ती हाताळली जाणार आहे हे मनात धरून जो रंगवितो, त्यालाच या छंदातला कारागीर म्हणावे.

काशीच्या खोजवाँ, कश्मीरीगंज या मोहल्ल्यांत खेळणी करणाऱ्यांची रीत याच्या नेमकी उलट आहे. तिथे रंग उडत नाही, घासला जातो. लाखेत रंग मिसळून त्याची कांडी करतात. खरादीवर लाकूड गरगर फिरत असते, त्यावर कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. केवड्याच्या पानाने घोटले की तिला आरशासारखी चमक चढते. वाळण्याची वाट पाहणे नाही, वाफारा नाही, नाकाला फडके बांधणे नाही. पळस-बोरीवरच्या किड्याने दिलेली ही लाख. निर्धोक रंग मिसळला तर मुलाने खेळणे तोंडात घातले तरी भिण्याचे कारण नाही. पूर्वी यासाठी कोरैया, म्हणजे आपल्या कुड्याच्या जातीचे, पांढरे मऊ लाकूड वापरीत. जंगलातून ते मिळेनासे झाल्यावर निलगिरीवर भागवावे लागले, आणि निलगिरी चिरते ही कारागिरांची नित्याची कुरकूर.

लाखेला एक मर्यादा आहे. खरादीवर फिरेल तेवढ्यालाच ती चढते, म्हणजे जे गोल आहे त्याला. यंत्रमानव पडला चौकोनी! त्याच्या छातीला कोपरे, खांद्याला कडा, पायाला ठोकळे. खरादीचे आणि त्याचे जमावे कसे? तिथे कुंचला आणि तयार रंगाचा डबाच कामाला येतो. काशीतही देवांच्या कोरीव मूर्तींना, पक्ष्यांना, वरातीतल्या वाजंत्र्यांना कुंचल्यानेच रंगवितात. कातणे-कोरणे बहुधा पुरुषांकडे आणि रंगविणे घराघरांतून बायकांकडे, अशी वाटणी आहे. मजुरी नगावर ठरते. रामाला राम करणारा, वाजंत्र्याला मिशी आणि बाहुलीला डोळे देणारा जो हात, त्याच्या वाट्याला किमतीतला लहानसा तुकडा येतो; आणि तिकडे मुंबईचा छंदी गृहस्थ तेच काम स्वतःच्या हाताने करावयास मिळावे म्हणून हजारो रुपयांची फवारणी खरेदी करतो. एकाच कामाची ही दोन टोके एकमेकांना अनोळखी आहेत, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

सरकारने या बाबतीत काही केलेच नाही, असे नाही. वाराणसीच्या लाखकामाला व लाकडी खेळण्यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांवर जाऊ नये, असा नियम २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलात आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले, आणि नोंदणीकृत हस्तकारागिरांना व भौगोलिक निर्देशांकाच्या नोंदणीधारकांना त्यातून सूट मिळाली. चाचण्यांचा खर्च झोपडीतल्या खरादीला झेपणारा नव्हता, म्हणून ही सूट योग्यच म्हणावी लागेल. पण सुटीने मुलाच्या तोंडात जाणारा रंग काही बदलत नाही. सूट मिळालेल्या घरात शिसेविरहित रंगाचा डबा बेताच्या किमतीत पोहोचविणे हे काम कागदावरच्या सुटीहून अवघड आहे, आणि अधिक निकडीचे.

काशीला नवे खेळणे शोधावयाचे तर त्यासाठी प्लॅस्टिकशी झुंजण्याचे कारण नाही. यंत्रमानव गोलही असू शकतो. धड नळकांड्याचे, डोके अर्ध्या चेंडूचे, हातपाय लाटण्यासारखे, आणि सांधे भोजराजाच्या ग्रंथातल्यासारखे खिळींचे. असा यंत्रपुरुष खरादीवर सहज उतरेल. धड लाखेने रंगवून द्यावे. चेहरा आणि छाती मात्र कोरी सोडावी, आणि बरोबर निर्धोक रंगाच्या चार पुड्या, एक कुंचला व रंगविणारणीने स्वतः रंगविलेला एक नमुना द्यावा. त्या नमुन्यावर तिचे नाव घालावे आणि त्याची मजुरी वेगळी धरावी. १९८० साली जपानी मुलाला पांढरा पुतळा मिळाला तेव्हा तो ज्या आनंदाने रंग शोधू लागला, तो आनंद काशीहून परतणाऱ्या आगगाडीत एखाद्या मराठी मुलाला का लाभू नये?

आणि रंग चुकला तरी बिघडत नाही. चैत्रगौरीच्या आराशीत मांडावयास दरवर्षी खाली काढलेली जुनी खेळणी पाहिली तर त्यांतल्या निम्म्यांना घरच्याच कोणी तरी दुसऱ्यांदा रंग दिलेला आढळतो. वाघाच्या पट्ट्यांची संख्या बदललेली असते, शिपायाचा डगला तांबड्याचा हिरवा झालेला असतो, आणि बाहुलीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा अंमळ मोठा असतो. आत्याने लहानपणी काढलेला, असे सांगत आजी तिला पुढच्या पायरीवर ठेवते.