हाताला येतं, कागदावर नाही

आज मी जयपूरच्या जवाहर नगरातून बोलतोय. इथून जौहरी बाजार जवळच. रंगीत रत्नांना पैलू पाडणारं शहर म्हणून जयपूर जगभर ओळखलं जातं. हे काम करणारे बरेचसे तरुण ते शाळेत शिकलेले नाहीत, उस्तादाशेजारी बसून शिकलेत. खड्यात चीर कुठे आहे, किती घासलं की वजन वाया जाईल, हे त्यांना नजरेनं कळतं. पण फॉर्मवर ‘शिक्षण’ या रकान्यात लिहायचं काय? ‘आठवी’. दहा वर्षांचं कसब तिथे मावतच नाही.

यावर आपल्याकडे फार आधी काम झालंय. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन प्रत्यक्ष काम करत शिकतात. महत्त्वाचं म्हणजे, तिथल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. म्हणजे हाताच्या कामाला सरकारदरबारी कागद मिळाला.

पण जो आधीच शिकलाय त्याचं काय? 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत त्याचीही सोय आहे. तिला ‘आरपीएल’ म्हणतात, म्हणजे पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची दखल. थोडी उजळणी, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र.

इथे मला दोन गोष्टी सांगायच्यात. एक, परीक्षा हातांची व्हावी. कारागिराला नुसती प्रश्नपत्रिका दिली, तर आपण त्याचं वाचन तपासतो, कसब नाही. दोन, प्रमाणपत्रानं पुढचं दार उघडावं. पगार ठरवताना मालक ते बघणार नसेल, कॉलेज प्रवेशाच्या वेळी विचारणार नसेल, तर तो कागद कपाटातच राहणार. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवालाही श्रेयांक देण्याची तरतूद आहे. आता ती वापरात यायला हवी.

तोवर आपण एक करू शकतो. ओळखीतल्या अशा एखाद्या मुलाला, मुलीला कामाची वही करून द्या. काय काम केलं, कधी, कुणाकडे, सोबत फोटो. उद्या परीक्षक समोर बसला, तर दाखवायला काहीतरी हातात असेल. आणि ती वही भरताना त्या मुलालाही कळेल, की आपण अडाणी नाही.