मिश्रण म्हणजे नेमके कोणते?



रसायनशास्त्राच्या अध्यापकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने आपल्या शास्त्राचा सर्वांगीण आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो बाजूला ठेवून मी एकाच विषयावर बोलणार आहे, तो म्हणजे ‘रेसिमिक मिश्रण’. बारावीपासून पीएच.डी.पर्यंत आपण हे दोन शब्द वापरतो आणि त्यांत तीन निरनिराळे प्रश्न एकत्र कोंबतो. एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेले दोन रेणू किती प्रमाणात आहेत? घन अवस्थेत ते कसे बसले आहेत? आणि हे आपल्याला कोणत्या मोजमापाने कळले? हे तीन प्रश्न वेगळे ठेवावेत, एवढेच माझे सांगणे आहे.

1848 साली पॅरिसमध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने सोडियम अमोनियम टार्टरेटचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले, ही कथा आपण सगळेच वर्गात सांगतो. सांगायचे राहून जाते ते तापमान. हे स्फटिक सुमारे 27 अंश सेल्सिअसच्या खाली तयार झाले, तरच दोन्ही प्रकार वेगवेगळे पडतात. त्याहून गरम द्रावणातून निघणाऱ्या प्रत्येक स्फटिकात डावे-उजवे दोन्ही घटक असतात आणि चिमटा निरुपयोगी ठरतो. प्रमाण दोन्ही वेळा निम्मे-निम्मेच. बदलली ती मांडणी. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही.

ही मांडणी तीन प्रकारची असू शकते, हे डच रसायनशास्त्रज्ञ रोझेबूम यांनी 1899 मध्ये दाखवले. पहिला प्रकार काँग्लोमरेट. तांदळात मूगडाळ मिसळली तर निवडता येते, तसे इथे दोन्ही जातींचे स्फटिक वेगळे असतात. दुसरा रेसिमिक संयुग. यात प्रत्येक स्फटिकाच्या जाळीत दोन्ही रेणू ठरावीक जागी, समसमान बसलेले असतात. तिसरा घन द्रावण. यात दोन्ही रेणू जाळीत कुठेही, एकमेकांच्या जागी बसू शकतात. आपल्या देवघरातला कापूर नेहमीच्या तापमानाला या तिसऱ्या गटात मोडतो. काँग्लोमरेट दुर्मीळ आहेत. रेसिमिक पदार्थांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच तसे स्फटिक देतात. पाश्चरच्या हाती असा पदार्थ लागला आणि प्रयोगशाळाही गार होती, हे त्याचे भाग्य.

यातले ‘संयुग’ विद्यार्थ्यांना हमखास चकवते. आठवीत आपण शिकवतो, की संयुगाचे घटक साध्या भौतिक रीतीने वेगळे होत नाहीत. रेसिमिक संयुग मात्र पाण्यात विरघळले, की संपले. द्रावणात उरतात ते दोन प्रकारचे रेणू. हे नाते केवळ स्फटिकापुरते असते. पण तेवढ्यापुरते ते खरे असते आणि मोजताही येते. शुद्ध टार्टारिक आम्ल सुमारे 170 अंशांना वितळते, रेसिमिक आम्ल सुमारे 206 अंशांना. शुद्ध रूपाची पाण्यातली विद्राव्यता रेसिमिक आम्लाच्या जवळजवळ सहापट आहे. भेसळीने वितळणबिंदू उतरतो, हा आपला प्रात्यक्षिकातला नियम इथे उलटलेला दिसतो.

आणि हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. रेसिमिक पदार्थात शुद्ध रूपाची चिमूट टाका. वितळणबिंदू चढला तर काँग्लोमरेट, उतरला तर संयुग, फारसा हलला नाही तर घन द्रावणाचा संशय घ्या. केशनळी आणि थर्मामीटर तर तालुक्याच्या महाविद्यालयातही असतात.

औषधांच्या बाबतीत पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा. आयबुप्रोफेनची नेहमीची गोळी रेसिमिक असते. वेदना शमवते ते एस रूप, आणि शरीर आर रूपाचा बराचसा भाग एसमध्ये बदलून घेते. अ‍ॅम्लोडिपिनचे तसे नाही. रक्तदाब उतरवण्याचे काम एस रूपच करते आणि दुसरे रूप त्यात बदलत नाही. म्हणून 5 मिलिग्रॅम रेसिमिक औषधाच्या जागी एस रूपाचे 2.5 मिलिग्रॅम देता येते. ही दोन रूपे वेगळी करण्याच्या प्रक्रियेवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम झाले आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

आता तिसरा प्रश्न, मोजमापाचा. आपल्या प्रबंधांत ‘एनॅन्शिओमेरिक एक्सेस 90 टक्के’ असे लिहिलेले असते. ते वाचून निम्मे विद्यार्थी 90 आणि 10 असे प्रमाण समजतात. प्रत्यक्षात ते 95 आणि 5 असते, कारण हा आकडा दोन्हींमधला फरक सांगतो. पोलॅरिमीटर हेच मुख्य साधन होते, तेव्हा फरकाची भाषा सोयीची होती, कारण ते यंत्रही फरकच दाखवते. आज कायरल स्तंभ दोन्ही घटक वेगवेगळे मोजून देतो. मग थेट गुणोत्तर का लिहू नये?

शिवाय पोलॅरिमीटरचे वाचन आणि प्रमाण यांचे नाते नेहमी सरळ रेषेत नसते, हे रसायनशास्त्रज्ञ ओरो यांनी 1969 मध्येच दाखवून दिले. त्याहून मोठा धोका साध्या सिलिका स्तंभाचा आहे. प्रमाण असमान असेल, तर स्तंभातून आधी उतरलेल्या आणि मागून उतरलेल्या भागांतले गुणोत्तर वेगळे निघू शकते. सोयीचा मधला भाग मोजला आणि तोच अभिक्रियेचा निकाल म्हणून छापला, तर लबाडी न करताही निष्कर्ष खोटा ठरतो.

म्हणून तीन सूचना मांडतो. एक, निबंधात व प्रबंधात घटकांचे गुणोत्तर, मोजण्याची पद्धत आणि नमुना शुद्धीकरणाआधीचा की नंतरचा, हे तिन्ही लिहावे. दोन, ‘रेसिमिक’ हे विशेषण फक्त समान प्रमाणासाठी राखावे आणि घन अवस्थेबद्दल बोलताना वरच्या तिन्हींपैकी प्रकार नाव घेऊन सांगावा. तो तपासला नसेल तर तसेही लिहावे. तीन, वितळणबिंदूचा हा प्रयोग पदवीच्या प्रात्यक्षिकांत यावा. या तिन्ही सूचना ठरावाच्या रूपात आजच्या समारोपाच्या सत्रात मांडाव्यात, अशी विनंती करतो आणि चर्चेसाठी सभा आपल्या स्वाधीन करतो.