मधल्या काळाचे साहित्य



मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एके काळी लक्ष्मीबाई टिळकांनी भूषविले होते. त्या परंपरेत मला उभे केल्याबद्दल मी आपणा सर्वांचे मनापासून आभार मानतो. स्वागत समितीने यंदा चर्चेसाठी ‘आशा आणि नवा आरंभ’ हा विषय निवडला आहे. त्याच विषयावर, पण लेखकाच्या बाजूने, मला आज बोलायचे आहे.

आपल्या साहित्यात आशेचा उल्लेख नाही असे पान शोधून सापडणार नाही. उपासनेची गीते, नाताळ अंकांतले लेख, प्रवचने आणि साक्षी या सगळ्यांचा शेवट उजेडात होतो. साक्षीचे तर एक ठरलेले रूपच झाले आहे. मी अंधारात होतो, प्रभू भेटला, सगळे बदलले. यातले एकही विधान खोटे नाही. असंख्य माणसांच्या आयुष्यात हे घडले आहे आणि त्याचा आनंद मोठा आहे. पण ‘अंधारात होतो’ आणि ‘सगळे बदलले’ या दोन वाक्यांच्या मध्ये कितीतरी वर्षे असतात. प्रार्थना केली आणि उत्तर आले नाही, अशी ती वर्षे. मुलगा परत आला नाही, आजार हटला नाही, शेत पिकले नाही, आणि तरी रविवारी माणूस मंदिरात जाऊन बसला, अशी ती वर्षे. आपण ती एका स्वल्पविरामात गुंडाळतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की ख्रिस्ती आशेची ओळख या मधल्या काळात पटते. मराठी ख्रिस्ती साहित्यात जे टिकले, ते या मधल्या काळात धीराने उभे राहून लिहिलेले आहे. आपल्याला नवा आरंभ करायचा असेल, तर तोही इथूनच करावा लागेल.

पवित्र शास्त्रातल्या यिर्मयाकडे पाहा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे. शहर पडणार हे स्वतः यिर्मयाच सांगत आला आहे आणि त्यासाठीच त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातले माझे शेत विकत घे. ज्या देशाचे मालक बदलायला आले आहेत, त्या देशातली जमीन! यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो. खरेदीखत होते, साक्षीदार सह्या करतात. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती सोपवून तो सांगतो, या मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. बंदिवास सत्तर वर्षांचा असेल हे यिर्मयानेच सांगितलेले होते. म्हणजे त्या शेतात नांगर धरणारा तो स्वतः नव्हता, हे त्याला पक्के ठाऊक होते.

या प्रसंगातला आणखी एक तपशील आपण सहसा वाचून पुढे जातो. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेत गोंधळ भरलेला आहे. शहर शत्रूच्या हाती चालले आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, हे कसे, असे तो देवालाच विचारतो. खरेदी आधी झाली, शंका मागाहून आली. मनातल्या साऱ्या शंका फिटेपर्यंत तो थांबला असता तर ते शेत कधीच घेतले गेले नसते. देवाची वाट पाहणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट चित्र मला माहीत नाही. फळ आपल्या हयातीत दिसेल याची खात्री नसताना, आजचे काम नीट, साक्षीदारांसमोर आणि टिकेल अशा रीतीने करणे!

असेच एक काम शुभवर्तमानातल्या स्त्रियांचे. शुक्रवारी येशूला कबरेत ठेवले. लूक सांगतो की त्या स्त्रियांनी कबर पाहिली, घरी जाऊन सुगंधी द्रव्ये आणि तेले तयार केली आणि शब्बाथ असल्यामुळे शनिवारी त्या स्वस्थ राहिल्या. त्या शनिवाराविषयी शुभवर्तमाने जवळजवळ काहीच सांगत नाहीत. रविवारी पहाटे त्या निघाल्या त्या काही पुनरुत्थान पाहायला निघाल्या नव्हत्या. एका मृतदेहाची शेवटची सेवा राहिली होती, ती करायला निघाल्या होत्या. त्यांच्याकडे त्या क्षणी आशा होती असे म्हणवत नाही. माया होती आणि हातात अर्धवट राहिलेले काम होते. जगातला सर्वांत मोठा नवा आरंभ त्यांना त्या कामाच्या वाटेवर भेटला. नवा आरंभ पाटी कोरी करून होतो असे आपण समजतो. शुभवर्तमान मात्र असे दाखवते की जखमांच्या खुणा तशाच राहतात आणि उठलेला प्रभू त्याच खुणा दाखवून ओळख देतो.

आता आपल्या घरात येऊ. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचे हे पुराण मराठीत आहे, पण तिथे देवनागरीचे खिळे नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. त्याची रचना बघा. ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग आहेत. ख्रिस्ताची कथा दुसऱ्या पुराणात येते. आधीचे सबंध पहिले पुराण जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या पिढ्यांचे आहे. स्टीफन्सना घाई नव्हती. ख्रिस्त समजायचा तर आधी त्याची वाट पाहणारी माणसे समजली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे त्या ग्रंथाच्या नशिबीही वाट पाहणे आले. 1649 आणि 1654 मध्ये तो पुन्हा छापला गेला. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला असे फर्मान काढले. त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ राहिला तो हस्तलिखितांतून. ज्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत, अशा माणसांनी ओवीमागून ओवी उतरवून काढली. 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापून निघाला, तोपर्यंत आधीच्या छपाईला अडीचशे वर्षे होऊन गेली होती. त्या नकलाकारांना यिर्मयाच्या बारूखाचे वंशज म्हणावेसे वाटते.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य तर आरंभांचीच मालिका आहे. आई-वडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. कडेवर लहानगी मनोरमा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले, मग पुणे, मग केडगावचे मुक्ती मिशन. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी कितीतरी मुलींना मरणाच्या दारातून उचलून केडगावी आणले. हे कार्य आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल मात्र कमी बोलतो. बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत असावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आश्रमातच छापखाना उभा केला. खिळे जुळवणाऱ्या हातांत आश्रमातल्या मुलींचे हात होते. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्या मुली पवित्र शास्त्राची पाने जुळवत होत्या. नव्या आरंभाची व्याख्या कोणी विचारली तर मी त्या छापखान्याकडे बोट दाखवीन.

1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. जिच्यावर सारे सोपवायचे ती मुलगीच गेली. रमाबाईंची प्रकृती ढासळली होती, तरी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते 1924 मध्ये. ज्या ग्रंथासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, तो बांधून तयार झालेला त्यांना पाहता आला नाही.

आणि लक्ष्मीबाई! त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि एका घराची दोन घरे झाली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी तो विरहाचा काळ झटकून टाकलेला नाही. तो राग, ती लाज, ते माणसांतले एकटेपण सगळे तिथे आहे. नवऱ्याकडे परत आल्यावरही सोवळेओवळे एका दिवसात सुटले नाही. पाण्यापासून स्वयंपाकापर्यंत एकेक गाठ सावकाश सुटत गेली, आणि प्रत्येक गाठ त्यांनी वाचकाला दाखवली. त्यांची श्रद्धा आपल्याला खरी वाटते ती यामुळे. बदललेली बाई त्यांनी दाखवली, तशी बदलत असलेली बाईही दाखवली. मधल्या काळाचे मराठीतले हे सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे.

टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्याही गेल्या आणि शेवटचा हात त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, फिरवला. एका काव्याला एका घरातली तीन माणसे लागली. अपुरेपणाची लाज वाटू नये, हे मला या घराने शिकवले. आपल्या हातून जे पुरे होणार नाही ते सुरू करणे, आणि दुसऱ्याने जे पुरे केले नाही ते उचलणे, या दोन्ही गोष्टींना आशा म्हणतात.

मित्रहो, आता एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. ‘देवाची वाट पाहा’ हे शब्द गरिबाला गप्प बसवण्यासाठीही वापरले गेले आहेत. अहिल्यानगरपासून मराठवाड्यापर्यंतच्या आमच्या कितीतरी मंडळ्या दलित घरांतून आल्या. ख्रिस्ताने त्यांना माणूस म्हणून उभे केले, पण गावाने वेशीबाहेरचे घर बदलू दिले नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी बांधला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. 2004 मध्ये त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, त्यालाही दोन दशके उलटून गेली. आणि स्पष्टच सांगतो, जातीची रांग काही ठिकाणी आमच्या मंदिरांत आणि दफनभूमीतही शिरली. हे पाप आहे, आणि ते पाप म्हणूनच लिहिले गेले पाहिजे.

या वाट पाहण्यात तक्रारीला जागा आहे का? स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी आक्रोशाचा आहे. किती काळ, असे देवाला थेट विचारणारी माणसे इस्राएलने उपासनेतून हाकलून दिली नाहीत. त्यांचे शब्द उपासनेतच गायले. तक्रार करणारा माणूस देवाशी बोलत असतो आणि ऐकणारा कोणी आहे यावर त्याचा भरवसा असतो. आमच्या गीतांमध्ये स्तुती भरपूर आहे, आक्रोश फार थोडा. आमच्या तरुण कवींनी हा हक्क परत घ्यावा असे मी या व्यासपीठावरून आग्रहाने सांगतो. ज्या मंडळीत रडता येत नाही, तिथे हालेलूया फार दिवस टिकत नाही.

वाट पाहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जगून दाखवले. ‘सुबोध बायबल’ देणारे हे धर्मगुरू वसईच्या पाण्यासाठी, झाडांसाठी, मातीसाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. 2020 मध्ये धाराशिवला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होणारे ते पहिले ख्रिस्ती साहित्यिक. 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या मेजावरही काही कामे अर्धी राहिली असतील. ती आता आपली आहेत.

म्हणून संमेलनाला मी तीन कामे सुचवतो. पहिले, आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या ओव्या, भजने, दुष्काळाच्या आणि गाव सोडल्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून लिहून काढाव्यात. ती माणसे दर वर्षी कमी होत आहेत. दुसरे, 1842 मध्ये अहमदनगरात सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक आणि मंडळ्यांच्या कपाटांतील नोंदवह्या वाळवीच्या आधी आपल्या हाती याव्यात, त्यांच्या प्रती करून त्या सर्वांना खुल्या कराव्यात. तिसरे काम लेखकांचे. साक्ष लिहा, पण मधली वर्षे गाळू नका. ज्याची प्रार्थना अजून पुरी झालेली नाही त्याचीही साक्ष छापा. संपादकांनी अशा लेखनाला, शेवट गोड नाही म्हणून, परत पाठवू नये.

ही कामे आपल्या कारकिर्दीत पुरी होणार नाहीत. अर्धी झाली तरी पुरे, बाकीची उचलायला प्रभू माणसे देतो. चारशे वर्षे तो देत आला आहे. उद्या सकाळच्या सत्रात या तीन कामांसाठी एक समिती नेमावी आणि तिचे पहिले काम एका गावापासून, एका आजीपासून सुरू करावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवतो. प्रभूची कृपा आपणा सर्वांवर असो.