मूल ही अमानत: लठ्ठपणा आणि पालकांची जबाबदारी

(युवा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. तरी आज आरोग्यावर बोलतोय, कारण मला एक कबुली द्यायची आहे.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. दुसरीत असताना शाळेतल्या तपासणीनंतर चिठ्ठी आली: वजन वयाच्या मानाने फार जास्त आहे, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मी ती लॅपटॉपच्या बॅगेत टाकली. अम्मी म्हणाली, ‘खाते-पीते घर का बच्चा है.’ मलाही ते पटलं. अब्बांनी लहानपणी उपाशी दिवस काढलेत, गुबगुबीत नातू म्हणजे त्यांना अल्लाहचा करम वाटतो. पुढे मुलाची मान काळपट पडली. मळ समजून आम्ही ती घासत राहिलो. सात महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं, हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, याची ही खूण असू शकते. मग डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘चिठ्ठी कधीची आहे?’

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूल लठ्ठ असणं म्हणजे आईबापांनी हयगय केली असं म्हणायचं का? आणि म्हणायचं तर कधी?

आधी कायदा पाहू. आपल्याकडे 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 75 आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून हयगय केली आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या कलमात वजनाचा उल्लेख नाही. ‘जाणूनबुजून’ हा शब्द मात्र आहे.

ब्रिटनमध्ये या प्रश्नावर बराच खल झाला. 2010 मध्ये रसेल वायनर आणि इतर बालरोगतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक चौकट मांडली. नुसतं वजन जास्त आहे किंवा प्रयत्न करूनही ते उतरत नाही, एवढ्यावरून पालकांना दोषी धरू नये. पण धोका समजावून सांगितला, मदत देऊ केली, तरी आईबाप सतत पाठ फिरवत असतील, तर ती काळजीची बाब आहे.

ही सावधगिरी का हवी, हेही तिथेच दिसलं. 2009 मध्ये केंब्रिजच्या सदफ फारुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिलठ्ठ मुलांमध्ये एका गुणसूत्राचा छोटा तुकडाच गायब असल्याचं शोधलं. यातल्या काही मुलांची नावं सरकारी ‘धोक्यातील मुलां’च्या यादीत होती. आईबाप मुद्दाम जास्त खाऊ घालतात, असा संशय होता. खरं कारण कळल्यावर ती नावं काढली गेली. म्हणून कुणाच्या मुलाकडे बोट दाखवून निकाल देऊ नका.

माझा निष्कर्ष साधा आहे. वजन वाढणं ही हयगय नाही. कळल्यानंतर काहीच न करणं ही हयगय आहे. माझे ते सात महिने हयगयच होते.

आता आपल्या मोहल्ल्याबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालची जास्त वजनाची मुलं 2015-16 मध्ये 2.1 टक्के होती, 2019-21 मध्ये 3.4 टक्के झाली. त्याच पाहणीत 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. म्हणजे एकाच गल्लीत दोन्ही दुखणी आहेत. पाच-दहा रुपयांच्या पाकिटाने पोट भरतं, पोषण होत नाही.

दोष मात्र सगळा आईच्या माथी जातो. वेफर्सची पाकिटं मीच आणायचो. मुलाच्या हातात मोबाइलही मीच दिला. आणि मुलींचं काय? दहा-अकरा वर्षांची झाली की तिचं मैदान बंद. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी अंगमेहनतीची हालचाल हवी. आपण तिला घरात बसवतो आणि उद्या रिश्ता पाहायला आलेले लोक तिच्याच जाडीवर बोट ठेवतात. ही तर सगळ्या समाजाने मिळून केलेली हयगय आहे.

कुरआन खाण्यापिण्याची मोकळीक देतं आणि सूरह अल-आराफमध्ये तिथेच अतिरेकाला मनाई करतं. मूल ही अमानत आहे, असं आपण म्हणतो. अमानत नुसती लाडाने सांभाळून होत नाही, तिचा हिशेब द्यावा लागतो.

तुमच्यापैकी बरेच जण अजून आईबाप नाहीत. पण मामू, चाचा, खाला, फुफी आहात. भाच्याकडे जाताना चिप्सऐवजी केळी न्या. भाचीला मैदानावर घेऊन जा. मुलाला ‘मोटू’ म्हणू नका. त्याने वजन उतरत नाही, मूल खचतं. घोरणं, काळी मान, गुडघेदुखी दिसली तर डॉक्टरांना दाखवा. मुलांचं वजन मोठ्यांच्या मापाने मोजू नका. त्यांचे वयानुसार वेगळे तक्ते असतात.

आता आम्ही बापलेक रोज फज्रनंतर चालायला जातो. वजन फारसं उतरलेलं नाही. पण पुढची चिठ्ठी आली तर ती बॅगेत राहणार नाही.